धागा: एकाच भावाचे तीन ऑफिस लॅपटॉप, प्रोसेसर बघू की स्क्रीन?

शिरोलीकर · सोमवार, रात्री १०.४०

राम राम मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं लहानसं मशीन शॉप आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून पुढं पाठवतो. ऑफिसात तीन लॅपटॉप आहेत आणि तिन्ही थकलेत. विंडोज ११ घेत नाहीत, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळं सीएसाहेब दर भेटीत ऐकवतात.

नवे तीन घ्यायचेत. एक मला, एक मार्केटिंगच्या पोराला (आठवड्यातनं दोनदा चाकण-भोसरी), एक अकाउंटच्या काकांना. काकांचं काम म्हणजे टॅली, एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल. राजारामपुरीतल्या एका दुकानदारानं तीन कोटेशनं दिलीत: लेनोव्होचा थिंकपॅड टी१४ जेन ५, डेलचा लॅटिट्यूड ५४५० आणि एचपीचा एलिटबुक ८४० जी११. तिन्ही १४ इंची, तिन्हींत कोअर अल्ट्रा ५, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, तीन वर्षं ऑनसाइट वॉरंटी. मागच्या खेपेचा माल म्हणून भाव पाडून देतोय. तिन्हींच्या किमतीत फरक किती म्हणाल तर चार माणसांच्या मटणाच्या जेवणाइतका.

मी विचारलं, मग ह्यात फरक काय? म्हणाला, "काही नाही साहेब, नाव तेवढं वेगळं. डोळे झाकून घ्या."

तुम्ही सांगा.


उद्यमनगरी · सोमवार, रात्री १०.५२

दिवसभर ज्याच्याकडं बघत बसायचं ती वस्तू डोळे झाकून घ्यायची. वा रे पठ्ठ्या.


पुणे_मुक्कामी · सोमवार, रात्री ११.३५

दादा, मूळचा मी मंगळवार पेठेतला, सध्या हिंजवडीत. कंपनीत लॅपटॉप खरेदीचं काम माझ्याच गळ्यात आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

कोटेशनवर नुसतं "कोअर अल्ट्रा ५" लिहिलंय? पुढचा आकडा आणि शेवटचं अक्षर कुठं गेलं? सगळी मेख त्या अक्षरात असते. अल्ट्रा ५ १२५यू आणि अल्ट्रा ५ १२५एच हे दोन सख्खे भाऊ दिसतात, पण एक ॲक्टिवा आहे आणि दुसरा बुलेट. यू वाल्याची ठरलेली पॉवर १५ वॅट, एच वाल्याची २८. यू मध्ये २ मोठे कोअर (प्रोसेसरमधले कामगार म्हणा), ८ लहान आणि २ अगदी किरकोळ, मिळून १२. एच मध्ये मोठे ४, बाकी तेच, मिळून १४. बॉक्सवर १२ आणि १४ वाचून फरक जेमतेम वाटतो, पण दम लागणारं काम मोठे कोअर ओढतात आणि ते थेट दुप्पट आहेत.

आता १२५ आणि १३५ मधला फरक. घड्याळाचा वेग थोडा जास्त आणि व्हीप्रो नावाची सोय. शंभर-दोनशे लॅपटॉप लांबून सांभाळायचे असतील तर व्हीप्रो कामाचं. तीन लॅपटॉपच्या ऑफिसात, जिथं आयटी डिपार्टमेंट म्हणजे तुमचा पुतण्या, तिथं त्यासाठी वेगळे पैसे मोजू नका. आपसूक आलं तर येऊ दे.

एएमडी कुठंच दिसत नाही? एलिटबुकात ८४० म्हणजे इंटेल, ८४५ म्हणजे एएमडी. टी१४ दोन्हींत येतो आणि नाव तेच, त्यामुळं नुसतं "टी१४" म्हणून मागवलं की काय हातात पडेल सांगता येत नाही. एएमडीच्या नंबरात तर वेगळीच गंमत. ७५३०यू आणि ७५४०यू, दोन्ही रायझेन ५, दोन्ही सात हजारवाले, पण २०२३ च्या त्या नंबरात तिसरा आकडा पिढी सांगतो. ३ असला की जुनं झेन ३, ४ असला की झेन ४. दहाच्या फरकात अख्खी पिढी बदलते.


शिरोलीकर · मंगळवार, सकाळी ८.१५

दुकानदाराला फोन लावून नंबर काढून घेतले. थिंकपॅड १२५यू, लॅटिट्यूड १३५यू, एलिटबुक १२५एच. म्हणजे एलिटबुकवर विषय संपला ना? बुलेट!


पुणे_मुक्कामी · मंगळवार, सकाळी ८.४०

अहो थांबा. टॅलीच्या एंट्र्या मारायला बुलेट कशाला? एच ची गरज लागते मोठा कोड कंपाइल करायला, व्हिडिओ एडिटिंगला, हजारो ओळींच्या एक्सेलमध्ये दिवसभर फॉर्म्युले फिरवायला. तुमचं पोरगं चाकणला कस्टमरसमोर बसून पीपीटी दाखवणार, ड्रॉइंगची पीडीएफ उघडणार आणि मेल टाकणार. त्याला यू भरपूर झाला. एच वाल्याचा पंखा लवकर सुरू होतो आणि काम ओढायला लागला की बॅटरी भराभर उतरते.

आणखी एक. तोच प्रोसेसर दोन वेगळ्या लॅपटॉपांत सारखा पळत नाही. आतली तांब्याची नळी, पंखा आणि कंपनीनं घालून दिलेली वॅटची मर्यादा ह्यावर ठरतं. पातळ बॉडीत कोंबलेला एच पहिली दोन मिनिटं धावतो आणि मग धापा टाकत चालतो.

रॅम मात्र विचाराच. १६ जीबी म्हणजे १६ ची एक पट्टी की ८ च्या दोन? प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स रॅम वाटून घेतं, एकाच पट्टीवर ते लंगडतं. एच वर इंटेल ज्याला "आर्क" म्हणून मिरवतं, ते दोन चॅनलवर रॅम असली तरच. ह्या टी१४ जेन ५ मध्ये रॅमचे दोन स्लॉट आहेत ही मोठी चांगली गोष्ट. आधीच्या काही टी१४ मध्ये निम्मी रॅम बोर्डावरच चिकटवलेली असायची. शेवटी व्ही असलेले नवे प्रोसेसर (२२६व्ही वगैरे) कुणी दाखवले तर बॅटरीला झकास आहेत, पण तिथं रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर येते. जन्मात वाढवता येत नाही.


खटपट्या · मंगळवार, दुपारी २.०५

शाहूपुरीत लॅपटॉप रिपेरीचं काम करतो. दुकानाचं नाव सांगत नाही, जाहिरात नको.

प्रोसेसरवर पुणेकरांनी सांगितलं ते बरोबर. पण भावांनो, माझ्या टेबलावर प्रोसेसर हळू आहे म्हणून रडणारं गिऱ्हाईक महिन्यातनं एखादं येतं. "स्क्रीन फिकी दिसतीया", "डोळं दुखतात", "उजेडात काय दिसत न्हाई" म्हणणारं रोज येतं. आणि त्याला मी काय सांगणार, की दादा, तुझी स्क्रीन बिघडलेली नाही, ती अशीच जन्माला आलीय?

कसंय बघा. लॅपटॉपचं नाव एक, पण त्या नावाखाली चार-पाच वेगळी पॅनेलं बसवून विकतात. तुमचा टी१४ जेन ५ घ्या. १९२० बाय १२००, मॅट, ४०० निट्स (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप), अशीच दोन पॅनेलं आहेत त्यात. एकाला रंग ४५ टक्के एनटीएससी, दुसऱ्याला १०० टक्के एसआरजीबी आणि वर लो पॉवर. कोटेशनवर रेझोल्यूशन तेच, मॅट तेच, निट्स पण तेच. रंगाचा रकानाच नसला तर तुम्हाला कळणार कसं? लॅटिट्यूड ५४५० ला तर सर्वात खालचं पॅनेल २५० निट्सचं, ४५ टक्के एनटीएससी. त्याच लॅटिट्यूडला ४०० निट्स १०० टक्के एसआरजीबी पण मिळतं.

ह्या टक्क्यांचा घोळ असा. एनटीएससी ही जुन्या रंगीत टीव्हीच्या काळातली मापपट्टी, एसआरजीबी ही कॉम्प्युटरची. साधारण ७२ टक्के एनटीएससी म्हणजे १०० टक्के एसआरजीबी. मग ४५ भागिले ७२ करा, येतं ०.६२५. म्हणून एचपीच्या कागदावर कधी "६२.५ टक्के एसआरजीबी" दिसलं तर हुरळून जाऊ नका. तेच ते ४५ वालं पॅनेल, पट्टी बदलून मोजलेलं. आपल्यात वार आणि मीटरचा घोळ घालतात तसं.

४५ वाल्या पॅनेलवर काय होतं? तांबडा रंग तांबडा राहत नाही, विटकरी-केशरी होतो. तांबड्या रश्श्याचा फोटो उघडा, टोमॅटो सूप दिसतंय.


उद्यमनगरी · मंगळवार, दुपारी २.२०

रश्श्याचा अपमान सहन केला जाणार नाही. खटपट्या शेठ, पांढरा रस्सा तरी नीट दिसतो का?


खटपट्या · मंगळवार, दुपारी २.३१

पांढरा निळसर दिसतोय. थंड झाल्यासारखा.


गुजरीतला · मंगळवार, संध्याकाळी ७.१०

खटपट्या म्हणतात ते मी पैसे घालवून शिकलोय. आमची गुजरीत पेढी. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला कोल्हापुरी साज, ठुशी, पुतळ्यांची माळ असं सगळं काउंटरवर लॅपटॉपवर दाखवतो. मागच्या वर्षी नवा लॅपटॉप आणला, नाव मोठं, प्रोसेसर आय७, मी खूश. साजाचे फोटो उघडले तर सोनं पितळेसारखं, लिंबाच्या रंगाचं. साजातल्या मधल्या पदकाचा माणिक म्हणजे चक्क डाळिंबाचा कच्चा दाणा. एका ताईंनी विचारलं, "हे एक ग्रॅमवालं आहे का?" बावीस कॅरेटच्या मालाला!

फोटोग्राफरला शिव्या घातल्या, त्यानं दोनदा रंग सुधारून दिला. मग तेच फोटो माझ्या मोबाइलवर बघितले तर सोनं सोन्यासारखं. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. आता काउंटरवर बाहेरचा मॉनिटर लावलाय, लॅपटॉप आत हिशेबाला. आय७ बिलं छापतोय.

शिरोलीकर, तुम्हाला सोनं दाखवायचं नाही हे खरं. पण तुमचं पोरगं कस्टमरला कास्टिंगच्या डिफेक्टचे फोटो दाखवत असेल ना? गंज कुठला आणि सावली कुठली हे दिसायला नको?


काळा_कोट · मंगळवार, रात्री ९.४५

मी वकील. इथं १८ ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि आमच्या सगळ्यांच्या पाठीवर लॅपटॉपची बॅग आली. पूर्वी मुंबईला जायच्या आदल्या रात्री फाइल बांधायचो, आता रोज भाऊसिंगजी रोडवर पीडीएफ घेऊन फिरतो. तीनशे पानांचं पेपरबुक स्क्रीनवर वाचतो, म्हणून एवढंच सांगतो: १६:९ (रुंदी १६ ला उंची ९) घेऊ नका.

तुमच्या तिघांत थिंकपॅड आणि एलिटबुक १६:१० आहेत, लॅटिट्यूड ५४५० अजून १६:९ वर आहे. तिघेही १४ इंचीच म्हणवतात, कारण इंच कर्णावर मोजतात. मी पट्टी लावून बघितली: १६:९ ची उंची साधारण १७.४ सेंटिमीटर, १६:१० ची १८.८. रुंदीत आठ मिलिमीटर जातात, उंचीत जवळजवळ दीड सेंटिमीटर मिळतो. ए४ पान उभं असतं, टॅलीची यादी उभी, एक्सेलच्या ओळी खाली खाली जातात. आडवा पसारा फक्त सिनेमाला लागतो.

माझ्या हातात टी४८० आहे, सेकंडहँड, तो १६:९. प्रत्येक पानाला दोन जादा स्क्रोल.


पुणे_मुक्कामी · मंगळवार, रात्री १०.०५

वकीलसाहेब, हिशेब घ्या. १९२० बाय १०८० आणि १९२० बाय १२००, फरक १२० ओळींच्या ठिपक्यांचा. एक्सेलची साधी ओळ २० ठिपक्यांची, म्हणजे सरळ सहा ओळी जास्त. ह्या आकाराच्या स्क्रीनवर बरेच जण १२५ टक्के स्केलिंग (सगळं मोठं करून दाखवायची सोय) ठेवतात, तेव्हा पाचच्या आसपास. सर, टी४८० कसा वाटतो अजून?


काळा_कोट · मंगळवार, रात्री १०.१२

सर नव्हे, मॅडम. हिंजवडीत राहून विसरलात काय, कोल्हापुरात बायका पण "जातो-येतो"च म्हणतात.

टी४८० दणकट आहे. आतली एक बॅटरी आणि मागून काढता येणारी दुसरी. कोर्टात मागची काढून भरलेली लावली तरी लॅपटॉप बंद पडत नाही. पुढच्या टी४९० पासून ती सोय काढून टाकली. पण ह्याच्यावरून मी एकदा फसलो ते लिहितो. ज्युनिअरसाठी तसाच दुसरा हवा होता. बाहेरगावच्या एका विक्रेत्यानं "तोच मॉडेल मॅडम, फक्त एक नंबर मागं" म्हणून टी४७० गळ्यात मारला. शेजारी ठेवले तर जुळे. तीच बॉडी, तेच लाल बटण, तीच मागची बॅटरी. महिनाभरानं विंडोज ११ टाकायला घेतलं तर नाही म्हणाला. टी४७० मध्ये सातव्या पिढीपर्यंतचे प्रोसेसर, दोन कोअरचे. टी४८० मध्ये आठव्या पिढीचा चार कोअरचा आय५, आणि मायक्रोसॉफ्टची रेघ बरोबर तिथंच, आठव्यापासून पुढं. एका नंबरानं लॅपटॉप रद्दीत गेला. आता त्याच्यावर लिनक्स टाकून ज्युनिअर टायपिंग करतो आणि माझ्याकडं खुनशीनं बघतो.


पुणे_मुक्कामी · मंगळवार, रात्री १०.१५

माफ करा मॅडम. आई अजून फोनवर "जेवलो बघ" म्हणते, तरी विसरलो.


तालमीतला · बुधवार, सकाळी ७.३०

सेकंडहँडचा विषय निघालाच आहे तर मीपण जखम दाखवतो. कंपनीतनं निघालेला लॅपटॉप घेतला, चकाचक. घरी आणून विंडोज रिसेट मारलं, वायफाय जोडलं, आणि स्क्रीनवर भलत्याच कंपनीचं नाव: "आपल्या ऑफिसचा ईमेल टाका." कुठलं ऑफिस? माझी तर तालीम आहे. कंपनीनं तो लॅपटॉप आपल्या खात्यावर नोंदवून ठेवलेला, विकताना नोंद काढलीच नाही. हार्ड डिस्क बदलली तरी परत तेच, नोंद त्या मशीनच्या नावावर. ती कंपनीच काढू शकते. विकणारा म्हणाला, इंटरनेट न जोडता वापरा. वा!

तेव्हा घेताना दुकानातच रिसेट मारून, नेट जोडून, आपल्या नावानं चालू होतंय का बघा. बायोसला (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगला) पासवर्ड नाही ना तेपण.


शिरोलीकर · बुधवार, दुपारी १.२०

अरे बाबांनो, मी नवा घेतोय. पण वाचून घाम फुटला.

कोटेशनवर रंगाचा रकाना नाही हे खरं निघालं. फोन केला तर दुकानदार म्हणतो, "आयपीएस आहे साहेब, आयपीएस म्हणजे बेस्ट." उद्या दुकानात जाऊन बघतो. काय काय बघू? खटपट्या शेठ, सांगा.


खटपट्या · बुधवार, दुपारी ३.४०

आयपीएस म्हणजे बाजूनं बघितलं तरी चित्र उलटं-काळं होत नाही, एवढंच. रंग आणि उजेड हा वेगळा विषय. ४५ टक्केवालं पॅनेलपण आयपीएसच असतंय.

दुकानात बल्बखाली सगळंच गोड दिसतं. लॅपटॉप उचला, दाराशी आणा, पाठ रस्त्याकडं करा. ब्राइटनेस पूर्ण. कोरी एक्सेल शीट उघडा आणि रेघा दिसतात का बघा. २५० निट्सवर त्या करड्या रेघा उजेडात पुसून जातात. तुमच्या शेडला वरनं प्लॅस्टिकचे पारदर्शक पत्रे असणार, दुपारी बाराला मशीनशेजारी उभं राहून ड्रॉइंग बघायचं म्हणजे ४०० च पाहिजे. ३०० घासाघाशीनं.

मग पांढरी शीट तशीच ठेवून कोपरे बघा, कुठं पिवळट डाग किंवा कडेनं उजेड गळतोय का. नंतर पूर्ण काळं चित्र.

आता महत्त्वाचं. डिव्हाइस मॅनेजरात मॉनिटर, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथं हार्डवेअर आयडी निवडा. तीन अक्षरं आणि पुढं चार आकडे-अक्षरं येतील. एयूओ, बीओई, एलजीडी ही पॅनेल बनवणाऱ्यांची खूण, सीएमएन म्हणजे इनोलक्स. फोटो काढून मला दाखवा, मी पॅनेल ओळखतो. एकाच मॉडेलला, एकाच दर्जाला दोन-तीन कारखान्यांची पॅनेलं लागतात, त्यामुळं शेजारच्या टेबलावरचा आणि तुमचा थोडा वेगळा दिसला तर घाबरू नका. दर्जा तोच असला म्हणजे झालं.


जाड_भिंग · बुधवार, रात्री ८.००

ओलेडचं, म्हणजे ज्याचा ठिपका ठिपका स्वतः उजळतो त्या स्क्रीनचं, कुणी बोललं नाही. टी१४ जेन ५ ला २.८के ओलेड पण मिळतो. काळा म्हणजे काय काळा, अमावस्या!


खटपट्या · बुधवार, रात्री ८.२५

मिळतो की. पण काकांच्या टॅलीला ओलेड म्हणजे तिसऱ्या वर्षी स्क्रीनवर टॅलीचा मेनू कायमचा उमटायची तयारी. दिवसाचे आठ तास तेच चौकोन, तोच टास्कबार. शिवाय पांढऱ्या पानावर ओलेड बॅटरी खातो, आणि हिशेब पांढऱ्या पानावरच होतो. काही ओलेड उजेड कमी करायला भराभर उघडझाप करतात, त्यानं काही लोकांचं डोकं चढतं. भिंगवाल्यांनी विशेष जपावं.


शिरोलीकर · गुरुवार, रात्री ९.१५

जाऊन आलो. दुकानात तिन्ही डेमो नव्हतेच, थिंकपॅड आणि लॅटिट्यूड होते. दोन्ही दाराशी नेले. दुकानातलं पोरगं मागनं "साहेब, चोरीचा अलार्म वाजतोय" म्हणून पळत आलं.

खरंच सांगतो, लॅटिट्यूडवर एक्सेलच्या रेघा गेल्या. शीट नुसती पांढरी चादर. थिंकपॅडवर दिसत होत्या. मग मी आमच्या शेजारच्या फौंड्रीतला, लॅडलमधनं मेटल ओततानाचा फोटो मोबाइलवरून दोन्हींवर टाकला. थिंकपॅडवर पण ती आग जरा फिकीच वाटली. मोबाइलवर केशरी-पांढरी धार उठून दिसते, तिथं सगळा मिळून आमरस. हार्डवेअर आयडीचा फोटो खटपट्या शेठना पाठवला, उत्तर आलं: ४५ वालं. म्हणजे ४०० निट्स खरे, रंग कच्चा.

दुकानदाराला म्हटलं, १०० टक्के एसआरजीबी वालं पाहिजे आणि कोटेशनवर तसं लिहून पाहिजे. आधी "तसं येतच नाही" म्हणाला. मी मोबाइलवर कंपनीचा स्वतःचाच तपशीलाचा कागद उघडून दाखवला, त्यात दोन्ही ओळी. मग म्हणाला, मागवावं लागेल, दहा दिवस. त्याचा भाव थोडा चढा. एलिटबुकलापण विचारलं, तर हातात ३०० निट्सवालाच आहे म्हणाला, दुसरा मागवायला त्याहून उशीर.

किती लावायचे पैसे? तिघांना की फक्त मला आणि पोराला?


काळा_कोट · गुरुवार, रात्री ९.३०

काका जागेवरून हलतात का?


शिरोलीकर · गुरुवार, रात्री ९.३३

चहाला पण हलत नाहीत. चहा त्यांच्याकडं हलतो.


काळा_कोट · गुरुवार, रात्री ९.४१

मग त्यांना साधं पॅनेल आणि टेबलावर २४ इंची मॉनिटर. चांगल्या पॅनेलचे वाचतील ते तिकडं लावा. मान वाकवून बसणाऱ्या माणसाला रंग नको, उंची हवी.


पुणे_मुक्कामी · गुरुवार, रात्री १०.२०

मॅडमना अनुमोदन. तिन्ही एकाच मॉडेलचे घ्या म्हणजे चार्जर, डॉक, रॅम, सगळं अदलाबदल होतं. १२५यू पुरे. रॅम १६ ची एकच पट्टी आली तर दुसरी पुढं-मागं टाका, स्लॉट मोकळा आहेच. बिल फर्मच्या नावानं जीएसटी नंबर घालून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. कॉम्प्युटरवर घसारा ४० टक्के धरतात, ते सीएसाहेब बघतील. वॉरंटी कोल्हापूरच्या पत्त्यावर आहे ना आणि कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून तीन वर्षंच दाखवते ना, हे माल आल्याच्या दिवशी तपासा.


उद्यमनगरी · गुरुवार, रात्री १०.४५

वॉरंटीवरून आठवलं. "नेक्स्ट बिझनेस डे" लिहिलेल्या एका कंपनीचा (नाव घेत नाही) इंजिनिअर माझ्याकडं खरंच दुसऱ्या दिवशी आला. हात हलवत. बोर्ड चौथ्या दिवशी आला. इंजिनिअर येणं आणि पार्ट येणं ह्या दोन वेगळ्या वॉरंट्या आहेत म्हणे. तोवर बिलं वहीवर.


शिरोलीकर · पुढच्या आठवड्यानंतरचा सोमवार, संध्याकाळी ६.५०

माल आला! टी१४ तीन. दोन १०० टक्केवाले, एक साधा, आणि काकांचा मॉनिटर. पण ऐका.

तिन्ही खोके सारखे, तिन्ही लॅपटॉप सारखे. दुकानातल्या पोरानं उत्साहात तिन्ही उघडून, विंडोज चालू करून, टेबलावर ओळीनं मांडले आणि खोकी एकावर एक रचली. आता कुठला कुणाचा? मार्केटिंगच्या पोरानं तोपर्यंत एक उचलून त्यावर आपलं स्टिकर पण लावलं होतं.

मग परत तो मेटल ओतायचा फोटो. तिन्हींवर एकदम. दोघांवर धारेचं टोक पांढरं, त्याला पिवळी कड, मग केशरी, मग लॅडलच्या काठावर गडद तांबडं, असं पायरी-पायरीनं दिसतंय. तिसऱ्यावर सगळं एकाच रंगाचं, आमरस. आमरस निघाला स्टिकरवाल्याच्या हातात! हार्डवेअर आयडी बघून खात्री केली, सीरियल नंबर बिलाशी जुळवले. पोरगं बिचारं नखानं स्टिकर खरवडत बसलंय. फोटो न बघता आम्ही तसेच वाटून घेतले असते तर काकांच्या बंद लॅपटॉपात १०० टक्के रंग तीन वर्षं झोपले असते.

रॅम ८ च्या दोन निघाल्या. पंखा दुपारभर ऐकू आला नाही. काकांनी मॉनिटर लावून एक्सेल उघडलं, म्हणाले "अक्षर बारीक आहे", आणि झूम १५० करून ठेवलं. सहा ओळींचा हिशेब करणाऱ्या पुणेकरांनी मनाला लावून घेऊ नये.

संध्याकाळी पूजा झाली. काकांनी तिन्हींच्या झाकणावर कुंकवाचं बोट ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं. पेढे इथं पाठवता येत नाहीत, वाईट वाटतं.


पुणे_मुक्कामी · सोमवार, संध्याकाळी ७.०५

१५० टक्के! सगळी मेहनत पंचगंगेत. अभिनंदन दादा.


खटपट्या · सोमवार, संध्याकाळी ७.१८

फूल काढा आधी. आणि कुंकू बिजागरीच्या फटीत जाऊ देऊ नका, मागच्या दसऱ्याला चार लॅपटॉप उघडून ब्रशनं झाडलेत.